होडीचा पोळा

होडी उचलायच्या आधी ते तिच्या अंगावर तळहाताने दोन थापा मारत. मग मजुरांकडे वळून म्हणत, "आदी हे वर, मंग चाय." तुमच्याही कचेरीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या हाताखाली कुणी नसतं आणि ज्याचं सगळे ऐकतात. आमच्या धरणावर ते म्हणजे लाँचवाले मामा.

मी अकोल्याची. अमरावतीपलीकडच्या त्या धरणावर कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाले आणि पाण्याची खोली मोजायचं काम गळ्यात पडलं. लाँच मामा चालवत. काठाजवळच्या उथळ पाण्यात लाँच टेकते, म्हणून सोबत पत्र्याची एक लहान होडी असे. काठ आला की ती खाली सोडायची, काम झालं की पुन्हा उचलून लाँचच्या टपावर ठेवायची. एवढी उस्तवार बघून पहिल्याच दिवशी मी विचारलं, की हिला मागे दोर बांधून ओढत का नेत नाही.

"अकोल्याच्या मानसाले पानी म्हनजे टाकीतलं, बाई," मामा म्हणाले. "आठ दिवसानं येते न गुपचूप बसते."

मला राग आला, पण आमच्या नळाचं तसंच होतं. पुढे वारा सुटलेला पाहिला तेव्हा कळलं, की मागे बांधलेली होडी लाँचला धडका देते आणि ढिला पडलेला दोर तिच्या पाण्याखालच्या पंख्यात जातो. पण खरं सांगायचं तर मामांचं कारण तेवढंच नव्हतं.

लाँचच्या मागच्या अंगाला एक लोखंडी आडवा दांडा होता आणि त्याला कुठल्याशा विहिरीवरची जुनी गडगडी टांगलेली होती. होडीच्या दोन्ही टोकांना दोर अडकवायचे. आधी तिचं नाक वर घ्यायचं, म्हणजे आतलं पाणी मागून निघून जातं. मग मागचं टोक उचलायचं, दांडा फिरवायचा आणि टपावर तिला पालथी घालून कासऱ्याने बांधायचं. या सगळ्या वेळात मामांचं होडीशी बोलणं चालू, "हळू, राजा, हळू." कुणाच्या हातून दोर सुटून ती आपटली, तर ते आधी आपटलेल्या जागेवर हात फिरवत आणि मग ज्याच्या हातून सुटला त्याच्याकडे न बघता त्याला शिव्या देत. एकदा अमरावतीहून मोठे साहेब तपासणीला आले होते. ऊन मी म्हणत होतं, थर्मास समोर होता, पण होडी खाली होती. शेवटी साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि स्वतःच दोराला हात घातला. त्या दिवशी चहा जरा लवकर मिळाला.

मामांच्या गावची शेती भाऊ पाहत असे, तीही आता ट्रॅक्टरवर. गोठा रिकामाच होता. त्यामुळे लाँच आणि होडी हीच मामांची बैलजोडी. एक एवढी थोरली, एक एवढी धाकली, अशी जोडी कोणत्या बाजारात मिळते हो, असं मी चिडवायची. एकदा मात्र ते हसले नाहीत. त्यांच्या वडिलांकडे एक जोडी होती, त्यातला एक बैल साप चावून गेला. दुसऱ्याने चारा सोडला. मामा तेव्हा लहान होते. कडबा हातात धरून ते त्याच्या तोंडाशी बसत आणि तो दाराकडे पाहत राही. तेव्हापासून जोडीतलं एकटं उरलेलं त्यांना बघवत नसे, आणि होडीही दोराच्या टोकाला एकटी मागे नको असे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात, तसं मामा पळसाच्या पानाने होडीच्या कडांना तूप-हळद लावत आणि तिला दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं आवतन देत. पोळ्याला तिच्यावर दोर पडायचा नाही. लाँच सोडून देणं शक्य नव्हतं, ती सरकारी. होडीही सरकारीच होती, पण ते त्यांना कोण सांगणार? त्या दिवशी होडी काठावर गवतात मोकळी, नाकाला बेगड लावलेली, समोर पुरणपोळीचा तुकडा. आम्ही सगळे हसायचो आणि पोळी खायचो.

त्यांच्या नोकरीतल्या शेवटच्या पोळ्यालाही तसंच केलं. महिनाअखेर निवृत्ती होती. निरोप समारंभाचं विचारलं तर मला म्हणाले, "जशी जोडी मले भेटली तशी सोपून जाईन, बाई. बाकी काई नाई पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आलो तर गवत होतं तिथे पाणी होतं. वर मध्य प्रदेशात रात्रभर पाऊस झाला होता. लाँच बांधलेली तशीच डुलत होती आणि होडी नव्हती. दुपारी धरणाचे दरवाजे उघडणार होते. एकदा ती त्या ओढीत सापडली असती, तर पत्र्याच्या चिंध्या झाल्या असत्या. कुणी मामांना बोल लावला नाही. तेच म्हणाले, "काल मीच सोडलं न तिले."

दरवाजे उघडायच्या आत परत यायचं या अटीवर धरणावरच्या साहेबांनी लाँच काढू दिली. मामांनी सुकाणू मजुराकडे दिलं, त्यांना पाण्यावरून नजर हटवायची नव्हती. मामा पुढे जाऊन उभे राहिले. तासाभराने पलीकडच्या काठाशी, बुडालेल्या बाभळींच्या शेंड्यांत काहीतरी चमकलं. बेगड होती ती. होडी काट्यांत अडकून, अर्धी पाण्याने भरून उभी होती.

मजुरांनी गडगडीचा दोर सोडला. मामांनी हाताने थांबवलं. "नको. हे आज आपल्या पायानं येईन."

ते पाण्यात उतरले. डबड्याने होडीतलं पाणी उपसलं, काटे मोडून तिला बाहेर काढलं, वल्ही मागून घेतली आणि आत बसले. होडी पुढे निघाली, लाँच मागून हळूहळू. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

वल्हवणाऱ्याचं तोंड मागे असतं, हे माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. त्यामुळे अख्ख्या वाटेवर मामांचा चेहरा आमच्यासमोर होता. ते रडत होते. आम्ही बघतोय हे त्यांना दिसत होतं, पण दोन्ही हात वल्ह्यांवर होते आणि डोळे पुसायला एकही हात मोकळा नव्हता.

महिनाअखेर मामांनी जोडी सोपवली, जशीच्या तशी. त्यानंतर दोन पावसाळे झाले आणि ते गेल्याचं कळलं. मला त्यांची आठवण फार येते. आणि येते तेव्हा ते होडीतच बसलेले असतात, वल्ह्याच्या प्रत्येक ओढीसरशी आमच्यापासून लांब जाताहेत, आणि तोंड आमच्याकडे आहे.