कुसळांची पेरणी

२ नोव्हेंबर २०२३, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. कळंबच्या वरच्या अंगाला असलेल्या गुरचरणीवर मी कुसळी गवताच्या बियांचे पोते उघडले, आणि आतून लोकरीसारखा एकच गुंता बाहेर आला. या गवताच्या प्रत्येक बीला बोटभर लांब, ताठ कुसळ असते. पोत्यात ती एकमेकांत अशी पिळली गेली होती की चिमूटभर बीही सुटे होईना.

गुरचरण ही सगळ्या गावाची चराईची जमीन. तिच्या मधल्या उतारावर माजलेली घाणेरीची परदेशी झुडपे आम्ही मुळांसकट उपटली होती, आणि उघडी पडलेली ती जागा मूळच्या गवताने भरून काढणे हे माझे काम होते. ग्रामसभेने पुढच्या गणपतीपर्यंत मुदत दिली होती. तोवर गवत उगवले नाही, तर तिथे सागाची रोपे लागणार होती. माझा केवळ एक प्रयोग फसला असता. ज्या बायकांच्या म्हशी या डोंगरावर जगतात, त्यांची मात्र वैरण गेली असती. आणि कुसळीचे बी मला एकाही रोपवाटिकेत मिळाले नव्हते; पोत्यातले होते ते मीच डोंगरावरून गोळा केलेले.

दुपारी त्याच बायका गवताचे भारे घेऊन खाली उतरल्या. पायथ्याच्या ऐनाच्या झाडाखाली बसून त्या लुगड्यांत रुतलेली कुसळे वेचू लागल्या. वेचलेली कुसळे तिथेच जाळायची, हा इथला शिरस्ता. वैरणीत गेली तर गुरांच्या तोंडात टोचतात. मी त्यांच्यापुढचे ढीग पाहिले. सुटे, एकेक, पिकलेले बी. कच्चे बी देठ सोडत नाही, म्हणून कापडाला लागते ते पेरणीजोगेच असते. निवड आधीच झाली होती.

"मावशी, ही वेचणी त्या उघड्या उतारावर बसून कराल का?" त्यांच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईंना मी विचारले.

"उन्हात? सावलीनं तुझं काय घोडं मारलंय गं?"

"बी तिथेच पडेल."

"घ्या. बैल नाय मिळाला, तर आमालाच जुंपलं हिनं," त्यांची सून म्हणाली.

"तू गप गं. तुजी म्हस काय साग चावणार हाय?"

कापणी संपेपर्यंत त्या रोज उतारावर बसल्या. रोज थोडे पुढे सरकून.

एका सकाळी दव असताना मी तिथे गुडघे टेकले. पुढे काय होणार ते मला पुस्तकातून पाठ होते. कोरड्या कुसळाला पीळ असतो. ओल लागली की तो उलगडतो, ऊन लागले की पुन्हा बसतो, आणि या फिरण्याने बीचे टोक मातीत शिरते. टोकावरचे उलटे केस त्याला मागे येऊ देत नाहीत. इतके ठाऊक असूनही मी उठायचे विसरले. वारा पडला होता, आणि माझ्यासमोर हजारो कुसळे सावकाश गरगरत जमीन पोखरत होती.

मी मावशींना हाक मारली. त्या बराच वेळ वाकून पाहत राहिल्या.

"जितं हाय गं हे."

"नाही, मावशी. मेलेले तंतू आहेत. फक्त पाणी शोषतात."

"मेलेलं एवढं राबतं," त्या म्हणाल्या, "आन् माजा जिता ल्योक बग."

गणपतीला तीन आठवडे उरले असताना मी एक मीटर लांबीरुंदीची चौकट घेऊन उतारावर गेले. नुसत्या कोवळ्या पात्यांवरून कुसळी ओळखता येईल असा माझा भरवसा नव्हता, म्हणून काही रोपे उपटून पाहिली. मुळाशी काळे पडलेले कुसळ अजून तसेच होते. मावशी आणि त्यांची सून माझ्या खांद्यावरून पाहत होत्या. उताराच्या ज्या कडेला कोणी बसले नव्हते, तिथे चौकटीत कुसळीचे एक रोप निघाले. मग बायका बसत त्या जागी मी चौकट ठेवली, मोजले, विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजले, आणि आकडा मावशींना मोठ्याने सांगितला : त्रेसष्ट.