कोनाड्यातली वडी

शबे-बारातीच्या आधी आमचं बीडचं घर चुन्यानं पांढरं व्हायचं. शाबान महिन्यातली ही रात्र. येत्या वर्षात कोण जगणार, कोण जाणार, कुणाच्या पदरात किती दाणे पडणार, हे सगळं त्या रात्री अल्लाहच्या दरबारी ठरतं आणि आपली गेलेली माणसं उंबऱ्याशी येऊन बसतात, असं अम्मा सांगायची. म्हणून दिवस मावळायच्या आत हरभऱ्याच्या डाळीचा हलवा व्हायचा, ऊद जळायचा आणि मशिदीतले मुल्लाजी हलव्यावर गेलेल्यांच्या नावानं दुवा म्हणायला, फातेहा द्यायला यायचे.

शेजारची काकू याला खुशाल 'तुमची पितरं' म्हणायची. हलव्याचा गूळ तिच्याच घरून यायचा, त्यामुळं अम्मा हसून सोडून द्यायची. एकदा मात्र काकू बोलून गेली, "यंदा पोरीच्या बापाचंबी पान वाढा की."

अम्मा ताडकन उठली. "कावून? ते जित्ते हायेत."

अब्बा पाणी गार ठेवणाऱ्या कातडी छागला शिवायचे. नेकनूरच्या बाजारातून कातडं आणायचे, तेव्हा घरभर त्याचा वास सुटायचा. जर्मनाच्या मोठ्या लढाईत ते निजामाच्या घोडेस्वार रिसाल्याबरोबर खोगिरं शिवायला म्हणून गेले. रिसाला परतला, अब्बा आले नाहीत. मेल्याची खबरही आली नाही. अम्मा गळ्यात काळी पोत आणि हातात बांगड्या ठेवून वाट बघत राहिली.

मुल्लाजी दरवर्षी विचारत, "कुणाकुणाच्या नावानं?" अम्मा पडद्याआडून आजा, आजी, तान्हेपणी गेलेला माझा भाऊ अशी नावं सांगायची. मुल्लाजी जरा थांबत. मी अब्बांच्या नावाची वाट बघायची.

"बस, एवढीच," अम्मा म्हणायची. मग अब्बांसाठी हलव्याची एक वडी कोनाड्यात वाटीखाली झाकून ठेवायची. सकाळी तिला मुंग्या लागलेल्या असत.

मला अम्माचा लई राग यायचा. गल्लीतल्या बाप गेलेल्या पोरी भावांच्या हाती कबरीवर फुलं तरी धाडायच्या. मेलेल्या बापांना वर्षातून एकदा हलवा पोचायचा. माझा बाप ना घरातल्या ताटावर, ना फातेह्यात. त्यांची फार आठवण यायची आणि ती नेऊन ठेवायला कुठं जागाच नव्हती.

अम्मा गेली त्या वर्षीचा हलवा मी केला. मनाशी पक्कं ठरवलं होतं, दोघांची नावं जोडीनं घ्यायची आणि हा घोळ एकदाचा मिटवायचा. काकूनंही डोळे पुसत तेच सांगितलं, "घे बाई नाव, दोघं संगं जेवतील."

मुल्लाजींनी विचारलं. मी अम्माचं नाव घेतलं. ते थांबले. अब्बांचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. अब्बा कुठं आहेत, हे अम्माला आता कळलं असणार. मला अजून कळलेलं नाही.

"बस, एवढीच," मी म्हणाले आणि अब्बांची वडी झाकायला कोनाड्यातली वाटी धुवायला घेतली.