खळ्यावरचे पाय

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि ते मी सांगत फिरायचे. धाराशिवच्या एका कचेरीत काम मिळालं. गावोगावचे जुने फोटो संगणकात भरायचे आणि अर्थावरून शोधता येतील असं करायचं. "आनंद" लिहिलं की आनंदाचे फोटो वर यावेत. त्यासाठी फझी लॉजिक वापरायचं; त्यात नुसतं हो किंवा नाही नसतं. कुठल्या फोटोत कुठला शब्द किती मुरलाय, ते शून्य ते एकमध्ये मोजायचं. त्याचे नियम मी लिहिले. "पाय अनवाणी असतील तर गरिबी जास्त," हाही माझाच.

काम बघायला पाहुणे येणार म्हणून कचेरीच्या मुख्य सरांनी आदल्या दिवशी "गरिबी" शोधून बघितलं. पहिला फोटो माझ्या आईचा आला. खळ्यावर, ज्वारीच्या राशीपुढं उभी. गरिबीचा अंश ०.८७. संग्रहात तो मीच हौसेनं घातला होता.

"अगदी बरोबर आलाय. उद्या पहिला हाच दाखवू," सर म्हणाले.

"सर, ती माझी आई आहे."

"मग तर बेस्टच. तूच माहिती दे."

मला शिसारी आली. बाहेर येऊन आईला फोन लावला. विचारलं, त्या फोटोत चपला का नव्हत्या तुझ्या?

"खळ्यावर चपला घालून जातंय व्हय कुणी? रास व्हती ती, लक्ष्मी. त्या साली पोती ठिवायला जागा पुरली न्हाय. एवढं शिकलीस अन् हे इसरलीस?"

इसरले नव्हते. लहानपणी मीसुद्धा चपला बांधावर काढूनच खळ्यात पाय टाकायचे. तरी कचेरीत बसून तो नियम लिहिताना हात अडखळला नाही, याची किळस सरांच्या बोलण्यापेक्षा जास्त होती.

आत गेले, सरांना खळ्यावरच्या चपलांचं सांगितलं आणि अनवाणी पायांचा नियम पुसला. आईचा फोटो पार खाली गेला. मग "सुगी" लिहून बघितलं. काहीच आलं नाही. तो शब्द मी भरलाच नव्हता.

सरांनी पुन्हा "गरिबी" शोधलं. आता विटक्या लुगड्यातली एक अनोळखी बाई वर आली.

"हा चालेल ना तुला?" सर म्हणाले. "हिच्या पायात चपला आहेत."

विटक्या कपड्यांचा नियमही माझाच होता. शेतात नवं लुगडं नेसून कोण जातं?

"न्हाय चालणार," मी म्हणाले, आणि तोही पुसायला बसले.