जावईबापूंच्या हातातली कानस

वडील निवृत्त होऊन पाथरीला परतले ते एक मोडकं ग्लायडर घेऊन. बिनइंजिनाचं विमान. जन्मभर एका क्लबात त्यांनी असलीच विमानं दुरुस्त केली, आणि हे क्लबाने भंगारात काढलं होतं. शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, सोयाबीनच्या पोत्यांशेजारी ते दोन वर्षं त्यावर खपले. शेवटी वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, कॅनोपी, तेवढं नीट बसवायचं राहिलं.

वडिलांच्या कानशी लहानपणापासून मीच पुसून ठेवायचे. कुठली कशाला लागते, मला झोपेत विचारा. पण वेळ आली तेव्हा त्यांनी कानस दिली माझ्या नवऱ्याच्या हातात. "जावईबापू, हलक्या हातानं घासा." नवरा गावात पंपाच्या मोटारी दुरुस्त करतो, ग्लायडर त्याने पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच शेडमध्ये. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला काम काय, तर आत बसायचं. "तू बारीक हाईस. आत बस अन् कुटं अडायलंय ते सांग."

झाकणाची कड खालच्या लाकडी चौकटीवर उतरते, म्हणून फट बाहेरून दिसत नाही. आतून दिसते. एका बाजूला उजेडाची रेघ असते, दुसऱ्या बाजूला चौकट झाकणाला टेकलेली. टेकते तिथे घासायचं. मी आत बसले, झाकण लागलं. उजवीकडे टेकत होतं, अगदी स्पष्ट. बाहेर वडील नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. माझ्या खांद्यावर त्यांनी असा हात कधी ठेवला नव्हता.

"डावीकडं अडायलंय," मी म्हणाले.

तो घासत गेला, मी अजून, अजून म्हणत गेले. डावीकडे करंगळी जाईल एवढी फट पडली.

मग वडिलांनी मला उतरवलं आणि स्वतः आत बसले. दोन्हीकडच्या कडा बोटाने चाचपल्या. बाहेर येऊन माझ्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांना कळलेलं होतं. ती लाकडी चौकट त्यांनी दोन महिने खपून केली होती. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात नवराच म्हणाला, "आत लय उकडायलंय, मामा. घामानं दिसलं नसंल तिला. चूक माझी हाय, मी हात आवरायला पाहिजे होता."

"असू द्या, जावईबापू," वडील म्हणाले, आणि दोघं नवं लाकूड बघायला निघून गेले.

मी शेडमध्येच राहिले. माझी लबाडी त्याने अंगावर घेतली, याचं मला बरं वाटायला हवं होतं. मला रागच आला. तेवढ्यानेही तो वडिलांच्या आणखी जवळ गेला होता.