‘दे’ म्हटल्याशिवाय न फेकणारा बदरुद्दीन

बदरुद्दीन होडेकर कुवेतला गेला तो कांदे कापायला, आणि नाव काढलं चेंडू फेकण्यात. चेंडू म्हणजे आपला गोल चेंडू नव्हे हो. अमेरिकन लोकांचा तो चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, हातात घेतला की थेट असोला नारळ, सोडणासकट. आणि असोले नारळ फेकण्यातच बदूची सगळी पोरवयातली वर्षं गेलेली.

जयगडच्या खाडीत त्याच्या बापाचा मचवा होता. नारळ भरायचे तर टोपल्या वाहत कोण बसतो? काठावर एक, गुडघाभर पाण्यात एक, मचव्यावर एक अशी माणसं उभी राहायची आणि नारळ हातोहात उडत जायचा. त्या कामाला कायदा एकच. समोरचा तुझ्याकडे बघेल, तोंडाने “दे” म्हणेल, तेव्हाच नारळ सोडायचा. एकदा बदूने घाई केली. थोरला भाऊ नझीर मचव्यावर उभा राहून पलीकडे बघत होता, आणि याने नारळ सोडला. तो बसला नझीरच्या डाव्या कानाखाली. नझीर आडवा झाला. उठून बसला तेव्हा कान धरून म्हणाला, “ह्या कानाने काय ऐकू येत नाय.”

हे वाक्य नझीरने पुढे कधी सोडलं नाही, आणि बदूने “दे” ऐकल्याशिवाय हातातली वस्तू सोडली नाही. रबिया लग्न होऊन घरात आली तेव्हा हा माणूस मिठाची वाटी पुढे करून उभा. ती घ्यायला गेली तर सोडेना. “दे म्हण,” म्हणाला. तिला वाटलं, नवरा चेष्टा करतोय. मग कळलं, स्वभावच आहे.

चौपन्न साली बदू बोटीने कुवेतला आला. फहाहील गावाच्या खाली समुद्राच्या अंगाला एका अमेरिकन तेल कंपनीचा कॅम्प होता, तिथल्या मेसमध्ये लागला. मेसच्या मागे मैदान होतं. वाळूवर कच्चं तेल शिंपडून दाबून घट्ट केलेलं, त्यामुळे जो पडे तो काळा होऊन उठे. शुक्रवारी तिथे ते लोक आपला खेळ मांडत. एकदा चेंडू कुंपणावरून मेसच्या अंगणात पडला. बदू कोंबड्या साफ करत बसला होता. त्याने हात पुसले, चेंडू उचलला. पलीकडे टकर साहेब हात पसरून उभा, मोठा ताडमाड माणूस, विहिरी खणणाऱ्यांचा मुकादम. बदू चेंडू सोडेना.

“से दे,” म्हणाला.

“व्हॉट?”

“से दे!”

टकर बिचारा म्हणाला, “दे.” मग चेंडू सुटला. भिंगरीसारखा फिरत कुंपणावरून, पाण्याच्या टाकीवरून गेला आणि टकरच्या छातीत असा बसला की तो ताडमाड माणूस बसकण मारून खाली. सगळे अमेरिकन बदूकडे बघत राहिले. बदू कोंबड्यांकडे परतला. त्याला वाटलं, नोकरी गेली.

नोकरी गेली नाही. पुढच्या शुक्रवारी त्याला डोक्याला टोपडं बांधून मैदानात उभं केलं. ते शिरस्त्राण एवढं मोठं होतं की आत दोन रुमाल कोंबावे लागले. त्या खेळात एक गडी असतो, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. चेंडू आधी त्याच्याकडे येतो. समोरून धटिंगण त्याला लोळवायला धावतात, आणि लोळायच्या आत त्याने तो आपल्या पळणाऱ्या गड्याकडे फेकायचा. गड्याने तो घेऊन पलीकडची रेघ ओलांडली की गुण. बाकी सगळा आरडाओरडा. तर बदू झाला क्वार्टरबॅक, आणि टेक्ससकडचे ते दांडगे बाप्ये मैदानभर पळत वळून वळून “दे! दे!” ओरडू लागले. जुम्याची नमाज झाली की फहाहीलमधली आपली कोकणी माणसं हे बघायला जमत. दुकानदार त्याच्याकडून सोड्याचे पैसे घेईनात. ‘बडी’ म्हणत त्याला कॅम्पवर. लांबच्या कॅम्पवरून गाड्या भरून माणसं यायची ती बडीची फेक बघायला.

पण दरवर्षी नोव्हेंबरात त्यांचा टर्की खायचा सण असतो, त्या दिवशी शेजारच्या रिफायनरीवाल्यांशी मोठा सामना व्हायचा, आणि तोच नेमका हातचा जायचा. रिफायनरीवाले काही खुळे नव्हते. जो “दे” म्हणतो त्याला चेंडू मिळतो, हे त्यांनी हेरलं. एका वर्षी त्यांचा अख्खा संघच “दे! दे!” करत सुटला. बदूने चेंडू शत्रूच्या हातात दिला.

“तुमी त्याला दिलात कसा?” घरी आल्यावर रबियाने विचारलं. तोवर ती फहाहीलला राहायला आली होती.

“त्याने माझ्या डोळ्यात बघून म्हटलान गो.”

“उद्या चोर डोळ्यात बघून म्हणेल, चावी दे!”

बासष्ट साली टकर साहेब कायमचा घरी जायला निघाला. जायच्या आधी तेवढा एक सामना त्याला जिंकायचा होता. कॉलेजात खेळून आलेला एक तरणा इंजिनीयर कॅम्पवर नवा आला होता. तो चेंडू पाठमोऱ्या पळणाऱ्याच्या पुढ्यात टाकी, बघायची गरज नाही, ओरडायची गरज नाही. टकर मेसमध्ये येऊन बदूच्या खांद्यावर हात ठेवून बसला.

“बडी, यंदा कोणी दे म्हणणार नाही. मी पाठ करून पळणार. मी जिथे पोचेन तिथे तू फेकायचंस. नाही जमलं, तर तो पोरगा खेळेल. मला वाईट वाटेल, पण तोच खेळेल.”

बदू घरी आला तो जेवलाच नाही. रबियाने संध्याकाळी त्याला हाताला धरून फहाहीलच्या किनाऱ्यावर नेलं. चेंडू त्याच्या हातात दिला, ओढणी कमरेला खोचली आणि पाठ करून चालू लागली.

“सोडा!”

“तू बघत नायस.”

“बघितलं तर मग उपयोग काय त्याचा? सोडा म्हणते ना!”

बदूचा हात वर गेला आणि वरच राहिला. रबिया वळून बघते तर नवरा चेंडू पोटाशी धरून वाळूत बसलेला. “तुझ्या कानाला लागलं तर?” एवढंच म्हणाला.

तिला तेव्हा समजलं, हे कुठलं दुखणं आहे ते.

नझीर तेव्हा फहाहीलच्या बाजारात शिंपीकाम करायचा आणि जेवायला भावाकडे यायचा. रबियाच्या मनात त्याच्या कानाविषयी जुनी शंका होती. पाणी भरायला हाक मारली तर तो कान बंद, आणि जेवायला हाक मारली तर उघडा. दुसऱ्या दिवशी बदू मेसमध्ये असताना तिने नझीरला डावा कान चुलीकडे येईल असं बसवलं आणि तव्याशी पुटपुटली, “सुरमई संपली वाटतं.”

“संपली? सगळी?” नझीर ताडकन म्हणाला.

रबियाने तवा खाली उतरवला.

“नझीरभाय, कधीपासून ऐकू येतंय?”

“तसा… आठवड्यात आला होता गो कान.”

“मग बोललात का नाय?”

“बाने त्या दिवसापासून मला जड काम सांगितलान नाय. बदू पहिली चाय मला देई. म्हटलं, आज नको, उद्या सांगू. राहून गेलं.”

“जन्म गेला की तुमचा राहून जाण्यात! तो माणूस तिकडे बसून झिजतोय. तुमी सांगताय का मी सांगू?”

“मी सांगतो,” नझीर मान खाली घालून म्हणाला. “पण आधी तो तुकडा वाढ.”

संध्याकाळी किनाऱ्यावर नझीरने सांगून टाकलं. बदू उठून त्याच्या डाव्या अंगाला गेला. मग विचारलं, “डावा ना?”

“डावाच.”

“आता मी बोलतोय ते येतंय ऐकू?”

“येतंय रे.”

बदूने समुद्राकडे तोंड केलं आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. रागावण्याआधी माणसाला एवढा आनंद व्हावा, हे रबियाने कधी बघितलं नव्हतं. राग नंतर आला, पण तोवर नझीर लुंगी वर खोचून पाठमोरा चालू लागला होता.

“मार आता! उजवा शिल्लक हाय!”

पहिली फेक वाळूत रुतली. दुसरी पाण्यात गेली. तिसरी बरोब्बर नझीरच्या पाठीत बसली, आणि ती चुकून बसली का नेम धरून, हे कोणी विचारलं नाही. सूर्य बुडेपर्यंत मात्र चेंडू नझीरच्या खांद्यावरून अलगद त्याच्या हातात पडायला लागला.

सामन्याच्या दिवशी रबिया आणि नझीर मैदानाच्या कडेला खोक्यांवर बसले. शेवटचा डाव उरला होता आणि रिफायनरीवाले पुढे होते. टकर मुकाट्याने पाठ करून पळाला. दोन धटिंगण बदूवर धावले. बदूने टकरची रुंद पाठ बघितली, त्याच्याही पुढची मोकळी वाळू बघितली आणि तिथे चेंडू सोडला. सोडल्यासोडल्या डोळे मिटून घेतले. धटिंगणांनी त्याला तेलकट मातीत लोळवलं. खालूनच तो ओरडला, “रबिया! धरलान काय गो?”

“धरलान!” रबिया खोक्यावर उभी राहिली होती. “धरलान, आणि तो थांबतच नाय! रेघ ओलांडून समुद्राकडे चाललाय!”

बदूने डोळे उघडले तेव्हा त्याच्या अंगावर चढलेले धटिंगणसुद्धा मान वळवून तिकडेच बघत होते.

टकर साहेब जिंकून घरी गेला. बदू पुढे अडुसष्टपर्यंत खेळला. खांदा दुखायला लागला तेव्हा आपली जागा त्याने त्या तरण्या इंजिनीयरला आपण होऊन दिली आणि मेसचा मुख्य कूक म्हणून राहिला.

रबियाच्या घरात मात्र त्या सामन्यानंतर वेगळाच ताप सुरू झाला. माणसाचा हात मोकळा झाला होता ना. लिंबू, साबण, कोथिंबिरीची जुडी, जे मागावं ते पाठीमागून उडत यायचं. पहिल्यांदा दोन कपबश्या फुटल्या. मग ती शिव्या घालायची. मग शिकली. भाकरी थापता थापता, मान न वळवता, पिठाचा हात खांद्याच्या वर करायची, आणि लिंबू येऊन बरोब्बर मुठीत बसायचं.