नहराकाठचा हात

सदर बाजारात स्कूटरवाल्यानं उडवलं, तेव्हापासून माझी सायकल जिन्याखालीच होती. रायपूर राजधानी झालं आणि गाड्या आणखी वाढल्या. शेवटी मी ती शहराबाहेर, नहराच्या कच्च्या रस्त्यावर काढली. एका बाजूला पाणी, दुसरीकडे धानाची शेतं, गाडी एकही नाही. तरी दोन्ही मुठी हँडलला घट्ट चिकटलेल्या.

माझ्या पुढं रोज सायकलवर एक म्हातारे गृहस्थ असायचे. डोक्याला गमछा, पँटच्या पायाला रबरबँड. वळण आलं की घंटी वाजवायचे आणि हात लांब करून दाखवायचे. रिकाम्या रस्त्यावर! मला हसू यायचं.

चौथ्या दिवशी ते पुलावर पाणी प्यायला थांबले, तेव्हा मी विचारलंच, "काका, इथं तर कुत्रंही नाही. हात कोणाले दाखवून राहिले?"

"तुले," तोंड पुसत ते म्हणाले. "चार दिवसांपासून तुझी चेन कुरकुरते मागं. भिऊन भिऊन चालवून राहिली. मी एकदम वळलो असतो तर पडली असती ना, पोरी."

मी पन्नाशीची पोरी.

परतताना त्यांनी मला पुढं जाऊ दिलं. पहिल्याच वळणावर माझा उजवा हात हँडल सोडून आपोआप बाहेर गेला. मागून घंटी वाजली.