पाहिलंत की ऐकलंत?

हा प्रश्न विचारण्याआधी ते चष्मा काढायचे. धोतराच्या सोग्यानं काचा पुसायचे, चष्मा पुन्हा नाकावर चढवायचे आणि समोरच्याकडे असे बघत राहायचे, की तो बिचारा आपण काय सांगायला आलो होतो तेच विसरायचा. मग यायचा प्रश्न. "पाहिलंत की ऐकलंत?"

धारला आमचं एक मराठी साप्ताहिक होतं. संपादक, मी आणि ते, एवढाच त्याचा संसार. आमच्या गावात बातमी म्हणजे चौकात पान खाताना कोणी तरी कोणाला तरी सांगितलेली गोष्ट. ती आमच्यापर्यंत येईतो चार तोंडांतून रंगून आलेली असे. त्यात गैर काही आहे असं ते येईपर्यंत आम्हाला कधी वाटलं नव्हतं.

एकदा मी सकाळी धावत ऑफिसात शिरलो. जुन्या दरबारातला एक म्हातारा चोपदार वारल्याची बातमी मी चौकातून उचलली होती. 'एक जुने पान गळाले' असं शीर्षकसुद्धा वाटेत सुचलं होतं. त्यांनी चष्मा पुसला. "ऐकलं," मी म्हणालो. ते उठले, छत्री घेतली आणि लंगडत निघून गेले. तासाभरानं परत आले ते मिशीत हसत. "चोपदारांनी चहा पाजला," म्हणाले. "तुम्हाला नमस्कार सांगितलाय."

त्यांचं लंगडणं काश्मीरचं होतं. तिथल्या थंडीनं डाव्या पायाची करंगळी खाल्ली होती. स्वातंत्र्य मिळालं आणि पाठोपाठ काश्मीरची लढाई पेटली, तेव्हा इंदूरच्या एका दैनिकानं त्यांना तिकडे धाडलं. मूळचे ते देवासचे. आपल्या माळव्यातला मराठी माणूस लढाईच्या बातम्या पाठवतो याचं त्या वेळी केवढं अप्रूप! लोक त्यांना नावानं हाक मारत नसत. बातमीदारसाहेब म्हणत.

त्यांचं सगळं नाव झालं ते एका बातमीवर. देवासचाच दत्तू म्हणून एक पोरगेलासा शिपाई त्या लढाईत गेला. घाटातल्या एका वळणावर तो एकटा शत्रूला अडवून उभा राहिला, छातीवर गोळ्या घेतल्या, आणि "माते, तुझ्या पुत्राने पाठ दाखवली नाही" असं म्हणून त्यानं प्राण सोडला, अशी ती बातमी. वर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'आमच्या खास बातमीदाराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली हकिकत'. ती वाचून देवासमध्ये चुली पेटल्या नाहीत म्हणतात. हे मात्र मी ऐकलेलं आहे.

देवासचं तुम्हाला ठाऊक असेल. एवढंसं गाव, पण त्यात दोन गाद्या. थोरली पाती आणि धाकटी पाती. संस्थानं विलीन झाली, राजे गेले, पण लोकांच्या डोक्यातली वाटणी काही गेली नाही. गणपतीसुद्धा दोन्ही पात्यांचे वेगळे. दत्तू थोरल्या पातीतला. झालं, थोरल्या पातीच्या मंडळाला असं काही गवसलं की ज्याला धाकट्या पातीकडे उत्तर नव्हतं. दरवर्षी गणपतीत एक संध्याकाळ दत्तूची ठरून गेली. त्याच्या आईला पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवायचं, तिची ओटी भरायची, आणि बातमीदारसाहेबांनी स्वतः येऊन ती हकिकत वाचायची. 'माते' हा शब्द आला की बायका पदर डोळ्यांना लावत. दत्तूची आई मात्र कधी रडलेली मी पाहिली नाही. ती रजया भरण्याचं, गोधड्या शिवण्याचं काम करी. मांडीवर हात ठेवून, बोटांनी लुगड्याचं सूत चाचपत ती ऐकत बसे.

इकडे दैनिकानं त्यांना लढाईनंतर मंत्र्यांच्या दौऱ्यावर जुंपलं. एका गावात विहिरीचं उद्घाटन होतं. मंत्र्यांनी पहिली बादली वर ओढली, टाळ्या झाल्या. हे गृहस्थ पहाटेच तिथं पोचले होते. बैलगाड्यांतून पिंपं आणून विहिरीत पाणी ओततात हे त्यांनी पाहिलं होतं. पाहिलं ते लिहिलं. बातमी नजरचुकीनं छापून गेली आणि आठवड्याच्या आत त्यांची नोकरी गेली. शत्रूच्या गोळ्या लिहिणारा माणूस चालतो, स्वतःच्या सरकारची पिंपं लिहिणारा चालत नाही. असे ते आमच्याकडे धारला येऊन पडले, आणि लढाईचा बातमीदार बदनावरच्या मंडीतले गहू-कपाशीचे भाव लिहू लागला.

तिथंच सगळं फिरलं. बदनावरला आम्ही दोघं एका आडतीवर चहा पीत बसलो होतो. माल भरायला आलेला एक ट्रकवाला त्यांचा पाय बघून म्हणाला, "यो तो बरफ को काम हे, साब." तोही काश्मीरला होता, फौजेच्या गाड्या चालवायचा. गप्पा निघाल्या. बोलता बोलता देवासच्या दत्तूचं नाव आलं.

"वो? वो तो म्हारा आगे की गाडी में थो," ट्रकवाला म्हणाला. "गाडी रपटी गी. सीधी खड्ड में."

त्यांनी चष्मा काढला. त्या दिवशी काचा फार वेळ पुसल्या. "पाहिलंस की ऐकलंस?" इतक्या हळू विचारलं की मलाच ते पुन्हा हिंदीत सांगावं लागलं.

"देख्यो साब. म्हारी आंख से देख्यो. वो पाछे सोयो थो."

लढाई नाही, गोळी नाही, 'माते' नाही. गाडी घसरली आणि झोपलेला मुलगा दरीत गेला. ट्रकवाला एवढंच बोलला, चहा संपवून उठला आणि आपल्या गाडीकडे गेला. हे मी पाहिलेलं आणि ऐकलेलं, दोन्ही आहे. म्हणून सांगतो, एवढंच बोलला.

परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "मी तळावर होतो हो. आघाडीपासून कितीतरी मैल मागे. आम्हाला पुढे जाऊच देत नसत. संध्याकाळी एक अधिकारी यायचा, चहा घेता घेता सांगायचा, आम्ही लिहायचो. 'असे सांगण्यात आले' असं मी लिहिलं होतं. इंदूरला ते खोडलं आणि वर डोळ्यांनी पाहिल्याचं चढवलं."

"मग तुमचा काय दोष?" मी म्हणालो.

"खोडलं त्यांनी. गप्प बसलो मी. दर गणपतीत हार घालून घेतले."

त्या वर्षीही गणपतीत देवासला मी त्यांच्याबरोबर गेलो. मला धाकधूक होतीच. मंडप भरलेला. त्यांनी वाचायला सुरुवात केली, घाटाच्या वळणापर्यंत आले आणि थांबले. लोकांना वाटलं, गहिवरले. त्यांनी चष्मा पुसला आणि कात्रण खाली ठेवलं.

"हे मी पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "ऐकलेलं आहे. आता पाहिलेला माणूस भेटला. दत्तू लढताना गेला नाही. गाडी दरीत गेली, तो झोपलेला होता. त्यात त्याला कमीपणा काही नाही. कमीपणा माझा आहे."

पहिल्या रांगेत दत्तूची आई तशीच बसलेली, फक्त बोटं थांबली होती. तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष ओरडले, "आरती! आरती घ्या रे!" आरतीची वेळ नव्हती, तबकही तयार नव्हतं. पण झांजा लागल्या, ढोलकी लागली, आणि ते पुढे जे काय बोलत होते ते त्या गजरात बुडून गेलं. ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. माणसाचं तोंड बंद करायला देवाची आरती वापरलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. त्याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

आरतीनंतर अध्यक्षांनी त्यांना मंडपामागे गाठलं. "अरे भिया, हे काय करून बसलास? त्या माउलीचा तरी विचार करायचा!" माउलीचा विचार! चौकाला दत्तूचं नाव द्यायचा अर्ज नगरपालिकेत पडला होता, त्याचा विचार म्हणा की. धाकट्या पातीवाल्यांनी जाहीर दुःख व्यक्त केलं आणि घरी जाऊन पोट धरून हसून घेतलं. पुढल्या वर्षी मंडळानं हकिकत एका मास्तरांकडून वाचून घेतली, त्याच हावभावांसकट. चौकाला नावही मिळालं. खरं सांगणारा माणूस तेवढा गावाला नकोसा झाला. वाटेत भेटले तर लोक दुकानातल्या मालाकडे बघायला लागत.

आमचे संपादकही काही कमी नव्हते. "जनतेच्या भावना असतात," असं म्हणत त्यांनी अंकातून बातमीदारसाहेबांचं नाव काढलं. भाव मात्र तेच लिहीत राहिले. बाजारभावाला नाव लागत नाही.

त्यांना या कशाचं काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते एकाच गोष्टीचं. दत्तूची आई त्यांच्याशी बोलत नव्हती. देवासला गेले की ते तिच्या दाराशी जात, ती दार लावून घेई. "मी तिचा मुलगा दोनदा मारला," असं एकदा म्हणाले आणि लगेच भावाचे कागद पुढ्यात ओढले.

असं बरंच चाललं. मग एका थंडीत तिनंच निरोप पाठवला. मी बरोबर होतो. खोलीत कापसाचे ढीग, अर्धी शिवलेली रजई. तिनं आम्हाला सतरंजीवर बसवलं, सुई चालूच होती.

"त्या कागदात तो मला 'माते' म्हणतो," ती म्हणाली. "दत्तू मला जिजी म्हणायचा. मला पहिल्याच वर्षी कळलं होतं, हे त्याचं बोलणं नव्हं."

ते चकित झाले. "मग ऐकत का बसलात, बाई?"

"वर्षातून एक दिवस लोक त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचे. घरात मी कोणापाशी घेऊ?" तिनं दोरा दातानं तोडला. "जाऊ द्या. आता खरं सांगा. झोपला होता ना?"

"झोपला होता."

"थंडी फार असते म्हणे तिकडं. जाताना मी गोधडी दिली होती. माझ्या लुगड्यांची, हिरव्या काठांची. साहेब लोक हसतील म्हणून नको म्हणत होता. मी बळंच दिली." सुई थांबली. "ती होती का अंगावर?"

मी खाली बघितलं. ट्रकवाला गोधडीबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. त्यांनी चष्म्याला हात घातला, पण काढला नाही.

"होती," ते म्हणाले. "हिरव्या काठांची. ज्यानं पाहिलं त्यानंच सांगितलं."

ती प्रथमच रडली. आम्हाला चहा दिला, जाताना दारापर्यंत आली. दुसऱ्याच्या एका खोट्यापायी आयुष्य नासलेला हा माणूस, आणि त्यानं स्वतःहून सांगितलेलं खोटं मला ठाऊक आहे ते एवढंच.

पुढच्याच पावसाळ्यात ते विषमज्वरानं गेले. धारला स्मशानात आम्ही मोजकी माणसं होतो. देवासहून कोणी आलं नाही. पण महिन्याभरात थोरल्या पातीच्या मंडळानं शोकसभा लावली. मेलेला माणूस आपलं म्हणणं मांडायला उठत नाही, हे ते चांगलं ओळखून होते. अध्यक्षांनी गहिवरून सांगितलं, की काश्मीरच्या आघाडीवर गोळ्यांच्या वर्षावात उभं राहून या वीरानं जे पाहिलं, ते आज आपण पुन्हा ऐकू या. आणि मास्तर तीच हकिकत वाचायला उभे राहिले.

मी उठलो. पायऱ्यांवर आलो तर मागून दत्तूची आई आलेली. तिलाही पहिल्या रांगेत बसवलं होतं. तिनं माझ्या कोपराला धरलं.

"ह्यांचं हे खोटं, ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "गोधडीचं तरी खरं ना हो?"

आतून आवाज येत होता, 'स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली हकिकत'.

"ट्रकवाला सांगत होता तेव्हा मी तिथंच होतो," मी म्हणालो.

"हिरव्या काठांची?"

"हिरव्या काठांची."

तिनं मान हलवली, डोक्यावर पदर घेतला आणि एकेक पायरी उतरत घराकडे गेली. आत टाळ्या सुरू झाल्या होत्या.